तेल अवीवमध्ये शाकाहारी माणसाने साधे आणि पोटभर काय खावे?

तेल अवीवच्या साध्या खाणावळीत फलाफल, म्हणजे वाटलेल्या छोल्यांचे तळलेले गोळे, सर्वत्र मिळते, परंतु मी त्याआधी साबिख मागवण्यास सुचवेन. पिटा नावाच्या पोकळ पावात तळलेल्या वांग्याच्या चकत्या, उकडलेले अंडे, काकडी-टोमॅटोची बारीक चिरलेली कोशिंबीर, तिळाचे पातळ वाटण अर्थात ताहिनी आणि मेथीच्या वासाचे आंबट पिवळे अंबा लोणचे भरून तो तयार होतो. १९५०-५१ च्या सुमारास मोठ्या संख्येने इस्रायलमध्ये आलेल्या इराकी ज्यूंच्या शनिवारच्या न्याहारीतून हा पदार्थ रस्त्यावर आला. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, स्वयंपाक निषिद्ध असल्याने वांगी आदल्या दिवशीच तळून ठेवली जात. अंबा मुंबईशी व्यापार करणाऱ्या बगदादी ज्यूंमार्फत इराकमध्ये पोहोचला असे मानले जाते, त्यामुळे मराठी जिभेला तो फारसा परका वाटत नाही.

अंडे नको असल्यास मागवतानाच सांगावे. शावर्मा म्हणजे भाजलेल्या मांसाचे कापही विकणाऱ्या दुकानात तळणाच्या तेलाची चौकशी अवश्य करावी. असे दुकान कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारे असल्यास मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून तेथे चीज किंवा दही मागू नये. शुक्रवारी दुपारपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत अनेक दुकाने बंद असतात.