जातं थांबलं की ओवी थांबू द्या

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर छोटं कलादालन आहे. जातं, सूप आणि रहाट मांडून, माणूस जवळ आला की त्यांचे आवाज वाजावेत अशी मांडणी करतो आहोत. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला पीआयआर (हालचाल टिपणारे) सेन्सर जोडलेत. पण माणूस जात्यासमोर थांबला की आवाज बंद! उलट मुलं पळाली की सगळंच एकदम वाजतं. सेन्सर बदलावेत का? प्रोजेक्टरही लावायचा विचार आहे.
– एक कार्यकर्ता, चिपळूण

उत्तर : सेन्सर बिघडलेला नाही. पीआयआरला अंगाच्या उष्णतेतला बदल कळतो. स्तब्ध माणूस त्याच्या लेखी नसतोच. अल्ट्रासॉनिक, म्हणजे कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडून त्याचा पडसाद टिपणारा सेन्सर लावलात तर अंतर मोजता येईल, पण शाल, गोधडीसारखं मऊ कापड तो ध्वनी पिऊन टाकतं.

मला विचाराल तर चालणाऱ्या माणसावर पाळत ठेवूच नका. त्याच्या हाताला काम द्या. जात्याच्या वरच्या तळीला कडेने चार चुंबकं चिकटवा आणि शेजारी स्थिर जागी एक रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जुळणारा) बसवा, सायकलच्या स्पीडोमीटरला असतो तसा. तळी फिरते आहे तोवर घरघर आणि ओवी. दोन सेकंद चुंबक समोरून गेलं नाही, की आवाज हळूहळू उतरवा, तोडू नका. रहाटालाही हेच. मुलांचा प्रश्न आपोआप सुटतो.

कॅनडाच्या डेव्हिड रोकबी यांनी १९८०च्या दशकात ‘व्हेरी नर्व्हस सिस्टिम’मध्ये कॅमेऱ्यासमोरच्या शरीराच्या हालचालीतून संगीत निर्माण केलं. तिथेही माणूस निश्चल झाला की आवाज विरतो. तुम्हाला जो दोष वाटतो आहे, तो त्या कलाकृतीचा कणा आहे. जात्यावर तर तो आधीपासूनच आहे : हात थांबला की दळणही थांबतं.

सुपाला रेकॉर्डिंग कशाला? पाठीला पिझो डिस्क (कंपनांचा विजेचा सिग्नल करणारी चकती) चिकटवा, मूठभर तांदूळ घाला आणि लोकांना पाखडू द्या. पिझोला हाय-इम्पीडन्स इनपुट, म्हणजे त्याचा नाजूक सिग्नल न दाबणारं, लागतं; ते गिटार अ‍ॅम्पला असतं, म्हणून गावातल्या ऑर्केस्ट्रावाल्याचा गिटार अ‍ॅम्प मागून आणा. स्पीकर सुपापासून लांब ठेवा, नाहीतर शिट्टी वाजेल.

ब्लूटूथ स्पीकर मात्र अजिबात नको. शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सुपासारख्या झटक्याच्या हालचालीत लगेच कळतो. सरळ वायर ओढा.

ओव्या गावातल्या आजींकडूनच घ्या, आणि त्या कुठे वाजणार आहेत हे सांगून, परवानगी घेऊन. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याच्या प्रकल्पात जमलेल्या ओव्या लाखाच्या वर गेल्या. पण तुमच्या आजीचा आवाज ओळखणारी माणसं चिपळुणातच आहेत.

प्रोजेक्टर नको. त्या पैशात जाड पडदे आणि सतरंज्या आणा. उघड्या भिंती आणि फरशीवर तीन आवाज एकत्र आले की नुसता गलबला होतो. आणि व्हॉल्यूम तिथे दिवसभर बसणाऱ्या माणसाला विचारून ठरवा.