तुमचे प्रश्न : ग्रेडबुकात हजेरी आणि तोंडीचे मार्क कसे बसवायचे?

प्रश्न : नमस्कार सर, मी कोल्हापुरात सीनियर कॉलेजला बी.कॉम.ला शिकवते. आमच्याकडं मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) आहे, असाइनमेंट आणि क्विझचे मार्क आपोआप ग्रेडबुकात, म्हणजे त्यातल्या मार्कांच्या तक्त्यात येतात, पण तोंडी परीक्षा, सेमिनार, जर्नल यांचं ऑनलाइन सबमिशनच नसतं, मग ते मार्क भरायचे कुठं? हजेरीला ५ मार्क आहेत, त्यासाठी मी रोजच्या लेक्चरचा एकेक कॉलम केला तर आता स्क्रीन सरकवून सरकवून जीव जातोय. आणि टोटलमध्ये जवळपास सगळ्यांना ९० टक्क्यांच्या वर दिसायला लागलेत, पोरं खूश आणि मी टेन्शनमध्ये.
– एक प्राध्यापिका, राजारामपुरी

उत्तर : मॅडम, पहिल्यांदा ते रोजचे कॉलम काढून टाका. ग्रेडबुकात हजेरीचा कॉलम एकच पाहिजे, रोजची हजेरी दुसरीकडं घ्यायची आणि त्याचा निकाल तेवढा इथं यायचा.

तोंडी, सेमिनार, जर्नलचं सोपं आहे. ग्रेडबुक सेटअपमध्ये जाऊन 'ॲड ग्रेड आयटम' करायचं, नाव द्यायचं आणि मॅक्झिमम ग्रेड बदलायचा. हे बदलायचं बरेच जण विसरतात, तिथं आधीच १०० लिहिलेलं असतं, तुमची तोंडी १० मार्कांची असली तर १० करा, नाहीतर १० पैकी ८ मिळवलेल्या पोरीला ८ टक्के दिसतील आणि ती रडत स्टाफरूममध्ये येईल. मार्क भरताना अख्खा ग्रेडर रिपोर्ट उघडू नका, 'सिंगल व्ह्यू'मध्ये तो एकच आयटम घ्या, सगळी पोरं एकाखाली एक येतात, टॅब मारत भरत जायचं. सगळ्यांचे भरून होईपर्यंत तो आयटम लपवून ठेवा, अर्धवट मार्क दिसले की मोबाइल वाजायला लागतो.

आता ते ९० टक्के. मूडलमध्ये 'एक्स्क्लूड एम्प्टी ग्रेड्स' म्हणून एक टिक असते आणि ती आधीपासूनच चालू असते. म्हणजे रिकामा रकाना हिशोबातच धरला जात नाही. एखाद्यानं एकच क्विझ दिली आणि त्यात १० पैकी ९ पाडले, बाकी काहीच दिलं नाही, तरी त्याची टक्केवारी ९० दिसणार. मूडलच्या मते अजून एवढंच झालंय, आणि टर्म चालू असताना ते बरोबरच आहे. माझं मत, ती टिक राहू द्या, काढली तर पुढच्या महिन्यातल्या सेमिनारचाही सगळ्यांना आत्तापासून शून्य लागतो. त्यापेक्षा ज्यानं खरंच तोंडी दिली नाही त्याच्या रकान्यात हातानं ० घाला, रिकामं सोडू नका. रिकामं म्हणजे अजून व्हायचंय, शून्य म्हणजे झालं आणि मिळालं नाही, हे वर्गातही एकदा सांगून टाका. आणि ॲक्सिडेंट झाला, ॲडमिट होता अशी खरी अडचण असेल तर त्या पोराच्या त्या ग्रेडला 'एक्स्क्लूडेड' करता येतं.

हजेरीसाठी 'अटेंडन्स' नावाचं प्लगिन (वरनं जोडायची जादा सोय) आहे, ते मूडलसोबत येत नाही, तुमच्या कॉम्प्युटर विभागाला टाकून द्यायला सांगा. त्यात चार प्रकार असतात आणि पॉइंट आधीच ठरलेले असतात : प्रेझेंट २, लेट १, एक्स्क्यूज्ड १, ॲबसेंट ०. समजा ४० लेक्चर झाली, पोरगा ३४ ला वेळेवर आला, २ ला उशिरा, ४ ला नाही. ६८ आणि २ मिळून ७० पॉइंट, ८० पैकी, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के. या अटेंडन्सचा मॅक्झिमम ग्रेड ५ ठेवला की ग्रेडबुकात ४.३८ आपोआप येतात.

पण हे पॉइंट आहेत तसे ठेवू नका, पहिल्या लेक्चरच्या आधी बसून ठरवा. गगनबावड्याकडनं येणाऱ्या पोराची एस.टी. रोज दहा मिनिटं लेट असली तर त्याचे रोज निम्मे पॉइंट कापायचे का? आणि पावसाळ्यात तर लई विचार करावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघाली की आंबेवाडी, चिखलीकडच्या पोरांनी यायचं कसं, २०१९ आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय. अशांना 'एक्स्क्यूज्ड' लावलं तरी तिथं १ च पॉइंट आहे, म्हणजे माफी देऊनसुद्धा निम्मी शिक्षा झालीच की! मी असतो तर त्याला २ केले असते. कॉलेजच बंद असेल तर मात्र त्या दिवसाची हजेरी घेऊच नका, न घेतलेलं सेशन टक्केवारीत येत नाही.

एक्स्क्यूज्डला २ दिल्यावर हजेरीची टक्केवारी मार्कांसाठी ठीक आहे, पण ७५ टक्के हजेरीच्या अटीसाठी तीच वापरायची का हे आधी ऑफिसला विचारा. अट वेगळी, मार्क वेगळे. अटीसाठी रिपोर्टमध्ये कोण किती वेळा प्रेझेंट, किती वेळा ॲबसेंट हे आकडे वेगळे दिसतात, ते द्या.

अजून एक भानगड सांगतो, टर्मच्या शेवटी हमखास होते. ऑफिसला पूर्ण आकडे पाहिजेत म्हणून आपण डेसिमल पॉइंट ० करतो, पण त्यानं फक्त दिसणं बदलतं, आत हिशोब अपूर्णांकातच चालू असतो. हजेरी ४.४ ती ४ दिसते, जर्नल ७.४ ते ७ दिसतं, आणि बेरीज ११.८ म्हणून १२ दिसते. ४ आणि ७, १२ कसे म्हणून पोरं भांडायला येतात आणि त्यांचं बरोबर असतं. ऑफिसला द्यायच्या आधी शीट बाहेर काढा, प्रत्येक रकाना राउंड करा आणि मग बेरीज घ्या.

एक्सेलमधनं मार्क इंपोर्ट करणार असाल तर नावावर जुळवायचा नाद सोडा, आपल्याकडं एका वर्गात पाटील किती असतात ते तुम्हाला माहीतच आहे. पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी नंबर) नाहीतर ईमेलवर जुळवा, आणि पीआरएनचा कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या.

प्रश्न : आमच्या शाळेत गूगल क्लासरूम आहे. त्यात हजेरीचे मार्क देता येतात का?
– एक शिक्षक, कागल

उत्तर : हजेरी घ्यायची सोय त्यात नाही सर. हजेरी कॅटलॉगवर किंवा शीटमध्ये घ्या, आणि 'हजेरी जुलै' अशी एक असाइनमेंट करून त्यात महिन्याचे मार्क भरून रिटर्न करा. ड्यू डेट मात्र टाकू नका, नाहीतर सबमिट करायला काही नसतानाही पोरांना 'मिसिंग' दिसतं आणि पालकांचे फोन येतात. कॅटेगरीनुसार वेटेज ठेवलं असेल तर सगळ्यांची बेरीज १०० व्हायला पाहिजे.

प्रश्न : मुलगा रोज कॉलेजला जातो पण ॲपमध्ये हजेरी ६२ टक्केच दिसते. खोटं कोण बोलतंय?
– एक पालक, इचलकरंजी

उत्तर : लगेच पोराला धरू नका ओ. ॲडमिशन उशिरा झालं असेल तर आधीच्या लेक्चरांना गैरहजर लागलं असेल, नाहीतर बॅच बदलली असेल आणि नाव जुन्याच बॅचमध्ये असेल. टक्केवारी बाजूला ठेवा, तारीखवार हजेरी काढून मागा, सगळं एकाच विषयात अडकलंय का ते बघा आणि त्या विषयाच्या सरांना भेटा. पण सगळ्या विषयांत सकाळचं पहिलंच लेक्चर गेलेलं दिसलं, तर मग घरात विचारा.