इंग्लिश प्रीमियर लीग खेळलेला पहिला टांझानियन स्ट्रायकर कोण आणि त्याचं करिअर कसं झालं?

म्बवाना समाटा. दार-ए-सलामचा पोरगा, आधी सिम्बा क्लब, मग २०११ ला काँगोच्या टीपी माझेम्बेकडे गेला आणि खरं नाव तिथं झालं, २०१५ ला आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकली. मग बेल्जियमचं गेंक, २०१९ ला लीगचं टायटल, त्याच वर्षी ॲनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध कॉर्नरवरून हेडर मारला तो बघाच एकदा.

जानेवारी २०२० मध्ये प्रीमियर लीगमधला क्लब ॲस्टन व्हिला, लीगच्या पदार्पणातच गोल, लीग कप फायनलला मँचेस्टर सिटीविरुद्ध डायव्हिंग हेडर, पण मॅच २-१ नी गेली. तिथं त्याला वेळच दिला नाही असं मला मनापासून वाटतं, काही महिन्यांतच तुर्कीच्या फेनरबाचे क्लबला पाठवलं. नंतर ग्रीसमध्ये पाओककडून २०२४ ला लीग जिंकलाच.