बॅचमध्ये मी एकटीच मुलगी: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मेकॅनिकल थर्ड इयरला आहे. ग्रुपमध्ये मी एकटी मुलगी. मशीनवर मुलं असतात, मला रिपोर्ट आणि पीपीटी, म्हणे तुझं अक्षर छान आहे.

अक्षर छान असणं हा गुन्हा झाला ना मग! माझंही असंच व्हायचं, अख्खं वर्ष मी जर्नलं सजवली आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत लेथ मशीनला जॉब (घडवायचा लोखंडी तुकडा) लावताना हात लटपटले. वाद घालत बसू नको, सेमच्या पहिल्याच आठवड्यात कामाची पाळी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घे, रिपोर्टसुद्धा पाळीनेच. नाहीच ऐकलं तर वर्कशॉप इन्स्ट्रक्टरला सांग, ती चुगली नाही.

मुलीला मायनिंग इंजिनिअरिंग घ्यायचं आहे. नातेवाईक म्हणतात, बायांना खाणीत उतरायला बंदीच आहे. (वडील, उमरेड)

भाऊ, नातेवाईक जुनं सांगून राहिले. 1952 च्या खाण कायद्यात बायांना जमिनीखालच्या कामाला बंदी होती हे खरं, पण 2019 मध्ये केंद्राने सूट दिली, टेक्निकल, सुपरवायझरी आणि मॅनेजरच्या कामासाठी सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत, लेखी संमती घेऊन, खाली जायची परवानगी तेव्हाच मिळाली. आणि तुमच्या उमरेडची खाण तर ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी, तिथे खाली उतरायचा प्रश्नच नाही. आपल्या नागपूरच्याच चंद्राणी प्रसाद वर्मांना मायनिंगच्या ॲडमिशनसाठी कोर्टात जावं लागलं होतं, 1999 ला त्या डिग्री घेऊन बाहेर पडल्या आणि पुढे शास्त्रज्ञ झाल्या. तुमच्या पोरीला कोर्टाची पायरी चढायची नाही, फक्त फॉर्म भरायचा आहे. नोकरीच्या वेळी मात्र शिफ्ट, गाडी, टॉयलेट हे तिन्ही नीट विचारा, लाजू नका.

फीचं जमेल का?

एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मुलींसाठीची प्रगती स्कॉलरशिप बघा, वर्षाला 50,000, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते. पण फर्स्ट इयरलाच अर्ज करा, डिप्लोमावरून थेट सेकंड इयरला आली असेल तर तेव्हा.

मी शिकवतो. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या इंटर्नशिपला मुलींचे पालक नाहीच म्हणतात.

सर, पालकांना समजावण्याआधी कंपनीला फोन करा. बस वर्धा रोडवर कुठून सुटते, किती वाजता परत सोडते, बायांचं टॉयलेट शॉप फ्लोअरपासून (मशीनं चालतात तिथून) किती लांब, चार नंबरचे सेफ्टी बूट आहेत का (हसू नका, मी महिनाभर दोन-दोन मोजे घालून सात नंबरचे बूट ओढलेत). एकटीला पाठवू नका, जोडीने पाठवा. ही सगळी उत्तरं लिहून पालकांच्या हातात द्या, मग बघा किती जण नाही म्हणतात ते.