परदेशी कंपन्या पुणे-मुंबई सोडून छत्रपती संभाजीनगरला का येतात?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पुणं-मुंबई हाताशी असताना परदेशी कंपन्या छत्रपती संभाजीनगरात पैसा का घालतात, हा पहिला. दुसरा तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलाय: "मग आमच्या लातूरला का नाही?" खरं सांगायचं तर ती ओळ वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो.

आधी माझं सांगतो. इथल्या वाळूज एमआयडीसीत ॲल्युमिनियम डायकास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून सुटे भाग बनवण्याच्या, एका कारखान्यात मी २१ वर्षं क्वालिटी बघतोय. मोठ्या कंपनीला आम्ही थेट माल देत नाही. तिला जो माल पुरवतो, त्याला आम्ही पुरवतो. बाहेरदेशचे पाहुणे आले की त्यांना शेड फिरवून दाखवायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येतं, त्यामुळे ते काय विचारतात आणि कुठे थबकतात हे मी जवळून पाहिलंय.

स्वस्त जमीन, स्वस्त मजूर आणि सरकारी सवलत ही कारणं तुम्ही पेपरात वाचली असतील. त्यात खोटं काही नाही. पण सवलती मागास भागासाठी आहेत आणि मराठवाड्याचे बाकीचे जिल्हेही त्यात बसतात. जमीन तर बीड-हिंगोलीला इथल्यापेक्षा स्वस्त आहे. तरी तिकडे कोणी गेलं नाही. म्हणजे कारण आणखी कुठेतरी आहे.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी युरोपातल्या एका कंपनीचे तिघेजण आमच्याकडे आले होते. आम्ही दोन दिवस खपून प्रेझेंटेशन केलं होतं, हॉलमध्ये पडदा लावून ठेवला होता. त्यांच्यातला वयस्कर माणूस शेडमध्ये शिरला तो थेट रिजेक्शनच्या, म्हणजे नापास माल टाकायच्या, लाल पेटीपाशी गेला. वाकून एक जॉब (तयार भाग) उचलला, पंपाचं कव्हर होतं, आणि मशीनवरच्या मुलाला खुणेनं विचारलं, हा का टाकला? मुलगा गंगापूर तालुक्यातला, आयटीआय झालेला, इंग्रजी बेताचंच. त्याने काही न बोलता प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा, उचलला आणि त्याची नो-गोची बाजू भोकात घातली. ती आत गेली. जायला नको होती, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि दुसरा जॉब काढला. त्यात गेज बरोबर बसत होता. मग मुलाने तो ट्यूबलाइटखाली तिरका धरला आणि कडेला असलेलं टाचणीच्या टोकाएवढं ब्लो होल (ओतकामात हवा अडकून पडलेलं छिद्र) नखाने दाखवलं. दहा-पंधरा मिनिटं त्या दोघांचं असंच चाललं होतं, मध्ये दुभाषा नाही की काही नाही. पडद्यावरचं शेवटपर्यंत कोणी पाहिलं नाही. दोन महिन्यांनी त्यांची ड्रॉइंग आली, म्हणजे काम मिळालं.

ते लोक त्या मुलासाठी येतात. आणि तसा मुलगा पाच वर्षांच्या सवलतीत तयार होत नाही, त्याला दोन पिढ्या लागतात.

इथे त्या पिढ्या कशा घडल्या ते थोडक्यात. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि त्या दशकातच शहरात रेल्वे स्टेशनजवळ आणि पुढे चिकलठाण्याला कारखाने उभे राहू लागले. पण खरं वळण आलं १९८५ साली, बजाज ऑटोने वाळूजला कारखाना सुरू केला तेव्हा. स्कूटर-मोटारसायकलला शेकडो सुटे भाग लागतात, आणि ते रोज पुण्याहून ट्रकने आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून आजूबाजूला वेंडर, म्हणजे सुटे भाग पुरवणारे, उभे राहिले. एन्ड्युरन्स, व्हॅरॉक ही नावं आज देशाबाहेरही कारखाने चालवतात, त्यांची मुळं इथल्याच शेडमध्ये आहेत. त्यांच्या खाली आमच्यासारखे, आमच्या खाली प्लेटिंगवाले, हीट ट्रीटमेंटवाले, स्प्रिंगवाले, पॅकिंगच्या पेट्या करणारे. शिवाय चिकलठाण्याची इंडो-जर्मन टूल रूम. डाय (धातूचा साचा) कशी बनवायची आणि बिघडली तर कशी दुरुस्त करायची हे तिथे हाताला वळण लागेपर्यंत शिकवतात. प्लास्टिकचं काम शिकवायला सिपेट ही संस्था आहे, आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. आमच्या कारखान्यात रात्री दोन वाजता डाय फुटली तर सकाळच्या शिफ्टच्या आत ती वेल्ड करून, घासून, परत चढवणारा माणूस मला दहा किलोमीटरच्या आत मिळतो. परदेशी कंपनीच्या हिशेबात ह्याची किंमत फार मोठी आहे. ती कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते, म्हणून बाहेरच्यांना दिसत नाही.

स्कोडाचं उदाहरण घ्या. चेक कंपनी, २००१ मध्ये शहराजवळच्या शेंद्र्याच्या एमआयडीसीत ऑक्टाव्हिया गाडीची जुळणी सुरू केली. सुरुवातीला गाडीचे भाग पेट्यांत भरून समुद्रमार्गे न्हावा-शेवाला यायचे, तिथून इथे. तयार गाडी आयात केली तर ड्युटी जबर, सुटे भाग आणून इथे जोडले तर कमी. कारण एवढंच असतं तर ही जुळणी बंदराशेजारी पनवेललाही झाली असती. पण जोडणारे हात लागतात, आणि तसे हात चिकलठाणा-वाळूजला पंधरा-वीस वर्षं तयार होत होते. पुढे ऑडीही शेंद्र्यालाच जुळू लागली. पर्किन्सने २०१५ मध्ये शेंद्र्यालाच मोठ्या इंजिनांचा कारखाना काढला. सीमेन्सच्या इथल्या कारखान्यात रेल्वेच्या बोगी (डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा) बनतात, गुडइयरचे टायर वाळूजला, आणि एन्ड्रेस-हाउझर ही स्विस कंपनी वाळूजला फ्लो मीटर, म्हणजे पाइपातला प्रवाह मोजायची यंत्रं, बनवते. कोरियाची ह्योसंग स्पॅन्डेक्सचा (ताणणाऱ्या कपड्यांचा) धागा बनवायला ऑरिक या नव्या औद्योगिक शहरात आली. धाग्याचा आणि गाड्यांचा तसा संबंध नाही, तिच्या येण्याचं कारण वेगळं आहे आणि ते म्हणजे जमीन.

जमीन म्हणजे तिचा भाव नव्हे, सातबारा. आपल्याकडे दहा एकर सलग घ्यायची म्हटली तर सातबाऱ्यावर वीस नावं, एक बहीण हक्कसोड करायला तयार नाही, एक भाऊ मुंबईला, पाणंद कोणाची यावर कोर्टात केस. परदेशी कंपनीचा वकील हे बघून पहिल्याच दिवशी परत जातो. एमआयडीसी आणि ऑरिकमध्ये हे काम सरकारने आधीच उरकलेलं असतं. प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, मालकीचा वाद नाही, रस्ता आणि पाण्याची लाइन फाटकापर्यंत आलेली. ऑरिक हे दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉरमधलं शहर, शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकर. वीज, पाणी, सांडपाणी, केबल सगळं जमिनीखालून. पण हे शक्य झालं कारण शेकडो शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. एकरी २३ लाखांचा भाव मिळाला, तेव्हा तो मोठा वाटला. माझ्या ओळखीच्या दोन घरांनी त्यातून दुसरीकडे शेती घेतली आणि ती आज नीट आहेत. ज्यांनी घेतली नाही त्यांची मुलं आता त्याच जमिनीवरच्या गेटवर कंत्राटी कामाला आहेत. हे लिहिल्याशिवाय माझं उत्तर खरं होणार नाही.

आता पाणी. प्रत्येक परदेशी पाहुणा हे विचारतोच, कारण मराठवाडा म्हटलं की त्याला दुष्काळ माहीत असतो. उत्तर जायकवाडी. पैठणचं हे धरण १९७६ साली पूर्ण झालं आणि कारखान्यांना तिथून एमआयडीसीच्या वेगळ्या लाइनने पाणी येतं. आमच्या कारखान्यात पाण्यावाचून शिफ्ट बंद पडल्याचं मला फारसं आठवत नाही. माझ्या घरी मात्र आठ-आठ दिवसांनी नळ येत आलाय. धरण तेच, शहर तेच. शहराच्या नव्या पाणीयोजनेला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा ती १,६८० कोटींची होती, नंतर आकडा २,७४० कोटींवर गेला. २०१६ च्या उन्हाळ्यात तर उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाला दारूच्या कारखान्यांचं पाणी कापायचा आदेश द्यावा लागला होता, आणि त्यात परदेशी मालकीच्या ब्रुअरीही आल्या. दोन वर्षांसाठी इथे राहायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने मला विचारलं होतं, "घरमालक म्हणतो पाणी मंगळवारी येतं. कुठल्या मंगळवारी?" मला उत्तर देता आलं नाही. मान खाली गेली माझी. कंपनी कारखान्यासाठी येते, पण तिची माणसं शहरात राहतात, आणि शहर नीट नसेल तर ती माणसं पुण्यात घर घेतात.

आणि म्हणूनच मोठा घास आपल्या हातून गेला, असं माझं मत आहे. स्कोडा इथे आधीपासून होती, तरी तिच्याच ग्रुपच्या फोक्सवॅगनने २००९ मध्ये मोठा कारखाना उघडला तो चाकणला. चाकणहून बंदर जवळ, पुण्यात विमानं, शाळा, दवाखाने, वेंडरही आपल्याहून कितीतरी जास्त. आपल्या चिकलठाणा विमानतळावरून आजही मोजकीच विमानं सुटतात, थेट परदेशी जायची सोय नाही. समृद्धी महामार्गाने मात्र खूप फरक पडला. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि आमचा माल आता कसारा घाटात अडकून पडत नाही. ज्या गिऱ्हाइकाला आम्ही दोन दिवसांचा साठा ठेवून द्यायचो त्याला आता एक दिवसाचा पुरतो. तेवढे पैसे मोकळे झाले.

गावातले उद्योजक एकजुटीने वागतात हेही एक कारण धरा. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या लोकांनी मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, त्याची देशभर बातमी झाली होती. लोकांनी त्यात श्रीमंती पाहिली. मला त्यात दिसलं ते असं की दीडशे माणसं एकत्र बसून भाव करू शकतात. हीच माणसं पुढे ऑटो क्लस्टर (लहान कारखान्यांसाठीचं सामाईक सोयींचं केंद्र) चालवतात आणि सरकारकडे ऑरिकसाठी खेटे घालतात.

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनसाठी सुमारे २०,००० कोटींचा सामंजस्य करार केला, तेव्हा आमच्या शेडमध्ये पेढे वाटले गेले. मी खाल्ला, आनंदही झाला. पण सामंजस्य करार म्हणजे साखरपुडा. मी पाया खणताना, प्रेस बसताना बघेन आणि मग मोजेन.

आता लातूर. तुमच्याकडे रेल्वेचा कोच कारखाना आहे, २०१८ साली पायाभरणी झालेला. वंदे भारतच्या स्लीपर गाड्या बनवायचं काम तिथे ज्या कंपनीकडे आलंय, तिच्यात रेल विकास निगमसोबत रशियन कंपनी मोठी भागीदार आहे. म्हणजे परदेशी पैसा लातूरला आला आहे, "का नाही" हा प्रश्न तिथेच संपतो. आता बघायचं ते वेगळं. डब्यातल्या सीटची फ्रेम कोण वाकवणार, वायरिंगचे हार्नेस कोण बांधणार, बर्थचं ब्रॅकेट कोण कापणार? हे सगळं चेन्नई-पुण्याहून ट्रकने आलं, तर लातूरला फक्त जोडणीचं शेड राहील. आणि लातूरच्या एमआयडीसीतल्या दहा-बारा शेडनी जरी ते काम घेतलं, तुमच्या आयटीआयने वेल्डिंगचा आणि फिटरचा एकेक वर्ग त्या ड्रॉइंगवर चालवला, तर वाळूजला १९८५ नंतर जे झालं ते तुमच्याकडे आता सुरू होईल. शिकवणीसाठी लातूर महाराष्ट्रभर ओळखलं जातं, मुलं घासून अभ्यास करतात. त्यांतली काही टूल रूमकडे वळवा.

तुमच्या ओळखीत तिथे कोणाचं फॅब्रिकेशनचं शेड असेल तर मला जरूर लिहा. वेंडर ऑडिटला (मोठी कंपनी पुरवठादाराची तपासणी करते तेव्हा) काय काय बघतात, गेज आणि कॅलिब्रेशनचे (मापं बरोबर असल्याच्या तपासणीचे) कागद कसे ठेवायचे, लाल पेटी कुठे ठेवायची, हे मी एका रविवारी येऊन दाखवीन. गाडीभाडंसुद्धा नको.