'बिगिन' लिहू की 'कमेन्स'?

प्रश्न : मी ऑफिसच्या ईमेलमधे मुद्दाम भारी इंग्लिश शब्द वापरते. परवा लिहिलं, 'किंडली बी इन्फॉर्म्ड दॅट आय शॅल कमेन्स द वर्क ऑन मंडे, ओके थँक्स'. सिनियर म्हणाल्या, फार पुस्तकी झालंय. मग फॉर्मल म्हणजे नक्की काय? आणि स्पेलिंग ब्रिटिश ठेवू की अमेरिकन?

उत्तर : स्पेलिंगचं आधी उरकते. 'कलर'मधला यू अमेरिकेत गेला त्यात नोआ वेबस्टर या अमेरिकन कोशकाराच्या १८२८च्या डिक्शनरीचा मोठा हात आहे, दोन्ही बरोबरच, फक्त एका ईमेलमधे एकच पद्धत ठेवा.

खरी गंमत शब्दांत आहे. १०६६ मधे फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात, कोर्टात फ्रेंच आली, साधी माणसं मात्र घरात नि शेतात इंग्लिशच बोलत राहिली, इतकं की १३६२ मधे कोर्टातले वाद इंग्लिशमधे चालवा असा कायदा करावा लागला. त्यामुळे घरगुती शब्द जुने इंग्लिश राहिले आणि रुबाबदार शब्द फ्रेंच-लॅटिनमधून आले. 'बिगिन' घरचा, 'कमेन्स' दरबारी. 'आस्क' जुना इंग्लिश, 'क्वेश्चन' फ्रेंचमधून, 'इंटरॉगेट' लॅटिनमधून, पण बघा हं, तिघांचा अर्थ एक नाही. 'आस्क' म्हणजे नुसतं विचारणं, 'क्वेश्चन' केलं की थोडा संशय डोकावतो आणि 'इंटरॉगेट' म्हटलं की समोर पोलीसच उभा राहतो! म्हणून मोठा शब्द म्हणजे जास्त चांगला शब्द हे डोक्यातून काढूनच टाका, मला हे मनापासून सांगावंसं वाटतं कारण हुशार मुलीसुद्धा यात अडकतात.

फॉर्मल म्हणजे अवघड नाही. फॉर्मलमधे 'डोन्ट'चं 'डू नॉट' होतं, 'पुट ऑफ'च्या जागी 'पोस्टपोन' येतं, वाक्य पूर्ण असतं, बोलण्यातले 'ओके', 'येस'च्या जागचे 'या' गळतात, बस. करारात 'कमेन्स' शोभतो, रोज भेटणाऱ्या सिनियरला कशाला? अमेरिकेत तर २०१० मधे कायदाच झाला की सरकारी खात्यांनी लोकांसाठी सोप्या भाषेत लिहायचं.

तुमच्या वाक्यात खटकतं ते वेगळंच. 'किंडली बी इन्फॉर्म्ड' कोर्टाच्या नोटिशीतलं आणि 'ओके थँक्स' मैत्रिणीच्या चॅटमधलं, दोन्ही एकाच ओळीत, त्यामुळे वाचणारा गोंधळतो. 'आय विल स्टार्ट द वर्क ऑन मंडे. थँक यू.' एवढंच लिहा, हे फॉर्मलही आहे आणि सिनियरना एका नजरेत कळेल.