टॉर्चचा ड्रायव्हर बदलण्याआधी सेल आणि स्प्रिंग बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रात्रीची थ्री फेज आली की उसाला पाणी द्यायला जावं लागतं. हातात एका 18650 सेलची (हा चार्ज होणारा लिथियम सेल) अल्युमिनियमची टॉर्च आहे, आत एक्सएम-एल2 जातीचा एलईडी आणि आठ चिपचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला ठरलेला करंट देणारी सर्किटची पट्टी. लावल्या लावल्या लख्ख उजेड पडतो, पाच-सात मिनिटांत तो उतरतो, टॉर्चचं डोकं इतकं तापतं की हात लावू देत नाही आणि बांधाच्या पलीकडचं काही दिसत नाही. तेव्हा जास्त अँपिअरचा ड्रायव्हर टाकू का?

नका टाकू. माझं मोटर वाइंडिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी, त्यामुळे अशा टॉर्च महिन्याला आठ-दहा तरी टेबलावर येतात. पॉवर कमी म्हणून आलेली टॉर्च मी क्वचितच पाहिली. आहे ती पॉवर वाटेतच जिरते.

आधी सेल काढून सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. चांगला 18650 साधारण 45 ते 49 ग्रॅम भरतो. 30-35 भरला तर पुढचं काही करू नका, सेल बदला. वर 9900 एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं असेल तर वजन करायचीही गरज नाही, कारण या मापाच्या चांगल्या सेलची मजल 3500 च्या आसपास संपते. माझ्याकडे आलेल्या एका टॉर्चमधल्या अशा '9900' सेलने चार्जरवर मोजल्यावर जेमतेम 800 एमएएच दिले होते. सॅमसंगचा 30क्यू (3000 एमएएच) किंवा त्याच तोडीचा, जास्त करंट देणारा सेल खात्रीच्या दुकानातून घ्या. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल या कामाला वापरू नका. आणि वरचं प्लास्टिक फाटलेला सेल टॉर्चमध्ये कधीच घालायचा नाही. त्याची सगळी बाजू निगेटिव्ह असते आणि तो धातूच्या नळीत बसतो.

आता स्प्रिंग. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुमच्या ड्रायव्हरवर 7135 नावाच्या आठ चिप आहेत, प्रत्येक 350 मिलिअँपिअरची, म्हणजे एकूण 2.8 अँपिअर. एवढ्या करंटला एलईडीला साधारण 3.3 व्होल्ट लागतात आणि चिपला स्वतःला वर 0.12 व्होल्ट, म्हणजे मिळून 3.42. सेलकडून ड्रायव्हरपर्यंत एवढे पोचले की उजेड पूर्ण. पण वाटेत पुढे एक आणि मागे टोपीत एक अशा दोन बारीक पोलादी स्प्रिंग आहेत. प्रत्येकीचा रोध 0.05 ओहम धरला, तरी 2.8 अँपिअरला दोघी मिळून 0.28 व्होल्ट खातात. म्हणजे भार असताना सेल 3.7 च्या खाली आला की उजेड उतरायला लागतो. सेलमध्ये तेव्हा भरपूर जीव शिल्लक असतो, पण तो एलईडीपर्यंत पोचत नाही. स्प्रिंगला तांब्याची वाट करून दिली की तीच टॉर्च 3.45 पर्यंत पूर्ण उजेड धरून ठेवते. रात्रीच्या कामाला हाच फरक मोठा आहे.

काम अर्ध्या तासाचं आहे. सोल्डर काढायची तांब्याची जाळीदार पट्टी घ्या, नाहीतर सिलिकॉन आवरणाची मऊ बारीक वायर. स्प्रिंगचं वरचं आणि खालचं टोक पॉलिश पेपरने घासा, फ्लक्स लावा, दोन्हीकडे आधी सोल्डरचा पातळ थर चढवा आणि मग वायर जोडा. वायर ताणलेली ठेवू नका. स्प्रिंग दाबली की ती आत सहज दुमडली पाहिजे, बाहेर येऊन सेलच्या कडेला लागता कामा नये. वरच्या टोकाला डाग देताना मधल्या वेढ्याला चिमटा धरा, म्हणजे उष्णता खाली उतरत नाही. आयर्न चांगलं तापलेलं असावं आणि दोन सेकंदांत उचलावं. सुरुवातीला मी एका म्हाताऱ्या बाबांच्या टॉर्चला असंच जास्त वेळ आयर्न धरलं. स्प्रिंगचा पाणी दिलेला ताठपणा गेला, ती बसली. दुकानात टॉर्च छान लागली, पण बाबा बांधावरून उडी मारताच विझली. भर अंधारात त्या माणसावर काय प्रसंग आला असेल हे मला आजही टोचतं. म्हणून काम झालं की टॉर्च चालू ठेवून तळहातावर जोरात आपटून बघायची. उजेड एकदाही फडफडला तर स्प्रिंग बदला.

टोपी उघडलीच आहे तर आट्यांवरचं काळं झालेलं ग्रीस पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. नळीची उघडी कड चकचकीत करा, करंट तिथूनच जातो. आट्यांवर रंगीत थर असेल तर तो मात्र घासू नका.

डोकं तापण्याबद्दल. चांगल्या टॉर्चचं डोकं तापलंच पाहिजे. तुमच्या एलईडीत नऊ वॅटच्या वर वीज जाते आणि त्यातली निम्म्याहून जास्त उष्णताच होते. ती बाहेर आली तर हाताला लागते आणि आतच राहिली तर एलईडी भाजून निघतो. काळजी करायची ती डोकं गार आणि उजेड निळसर पडला तर. तुमची तापते, म्हणजे वाट बरी आहे. तरीही एलईडीची चकती, म्हणजे एलईडी ज्या धातूच्या तुकड्यावर बसवलेला असतो ती, उचलून खाली काय आहे ते बघा. बऱ्याचदा पांढऱ्या पेस्टचा वाळलेला भुगा निघतो, किंवा मध्यभागी काहीच नसतं. खरवडून साफ करून चांगली थर्मल पेस्ट अगदी पातळ लावा आणि चकती घट्ट बसवा. पेस्ट जाड थापली की उलट अडथळा होतो.

चकती बदलणार असाल तर तांब्याची घ्या, पण फक्त तांबं आहे म्हणून नको. साध्या चकतीत एलईडी आणि धातू यांच्यामध्ये विजेला अडवणारा एक थर असतो आणि तोच उष्णतेलाही अडवतो. एक्सएम-एल2 च्या पोटाखालचा मधला भाग विजेशी जोडलेला नसतो, म्हणून त्याच्याखाली तो थर नसलेली, थेट तांब्यावर बसवता येणारी चकती मिळते. विकणारे तिला डीटीपी म्हणतात.

इतकं करूनही ठरावीक मिनिटालाच उजेड एकदम एक पायरी उतरत असेल, तर ती ड्रायव्हरमध्येच घातलेली सोय आहे. ती काढू नका. सेलच्या अशक्तपणामुळे उतरणारा उजेड हळूहळू उतरतो.

राहिलं लांबचं दिसणं. लुमेन म्हणजे एकूण उजेड. लांब पोचायला तो एका जागी गोळा व्हावा लागतो, आणि त्याचं माप कॅन्डेला. टॉर्चचं जे अंतर खोक्यावर लिहितात ते कॅन्डेलाचं वर्गमूळ गुणिले दोन, इतके मीटर असतं. 10,000 कॅन्डेलाला 200 मीटर. 400 मीटर हवे तर 40,000 लागतील. म्हणजे त्याच रिफ्लेक्टरमध्ये करंट दुप्पट केला तरी अंतर दुप्पट होत नाही, दीडपटही होत नाही, आणि एक्सएम-एल2 ची कंपनीने दिलेली मर्यादाच 3 अँपिअर आहे.

त्याऐवजी एक्सपी-एल एचआय एलईडी बसवा. त्यावर काचेसारखा घुमट नसतो. घुमटामुळे रिफ्लेक्टरला एलईडीचा चमकता पृष्ठभाग मोठा दिसतो आणि झोत पसरतो. घुमट नसला की झोत आवळतो. करंट तोच चालतो, म्हणजे तुमचा ड्रायव्हर तसाच राहतो. फक्त हा एलईडी आकाराने लहान आहे, त्यामुळे चकती एक्सपी मापाची आणि मधली प्लास्टिकची रिंगही त्याच मापाची घ्या. ती रिंग विसरू नका. रिफ्लेक्टर अल्युमिनियमचा असतो, तो चकतीवरच्या दोन्ही डागांना टेकला की थेट शॉर्ट. वायरींचे डागही म्हणून बुटके ठेवा.

तरी एक गोष्ट तुम्ही विचारली नसताना सांगतो. उसाच्या सरीत तुम्हाला जपायचं आहे ते पायाजवळ. घोणस वाळलेल्या पाचटावर तपकिरीवर तपकिरी अशी पडलेली असते. 6500 केल्विनच्या निळसर पांढऱ्या झोतात पाचट आणि ती एकाच राखाडी रंगाची दिसतात. 4000 केल्विनच्या आसपासचा, म्हणजे जरा पिवळसर, आणि 90 च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) असलेला एलईडी लावला, उदाहरणार्थ निचियाचा 519ए, की तिच्या अंगावरचे साखळीसारखे ठिपके वेगळे उठून दिसतात. मी दोन्ही उजेड शेजारी शेजारी धरून पाचटावर वाळलेली पानं आणि दोरखंड टाकून बघितलं आहे, फरक डोळ्यांना लगेच कळतो. म्हणून माझा सल्ला दोन टॉर्चचा: लांबच्या झोतासाठी ही, आणि कपाळावर पिवळसर, पसरट उजेडाची छोटी हेडलॅम्प. दोन्ही हातही खोऱ्याला मोकळे राहतात.

स्प्रिंगचं काम करण्याआधी आणि नंतर करंट मोजा. टोपी काढून सेलच्या मागच्या टोकापासून नळीच्या कडेपर्यंत अडीच एमएमच्या वायरचा तुकडा धरायचा आणि त्यावर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लावायचा. साध्या मीटरच्या बारीक वायरी स्वतःच व्होल्ट खातात, आकडा कमी येतो. सेल एकदा पूर्ण भरलेला असताना आणि एकदा अर्धा उतरलेला असताना असे दोन आकडे घ्या. अर्ध्या सेलवर 2.8 च्या जवळ आलात तर ड्रायव्हर ठीक आहे. नाही आलात तर चारही आकडे इथे लिहा आणि ड्रायव्हरचा दोन्ही बाजूंचा फोटो टाका, कुठे अडतंय ते मी बघून सांगतो.